कॅम्प की कायमचं सेंटर? ओठ-टाळू दुभंगलेल्या बाळांसाठी

पुण्यात असं बाळ जन्मलं की नातेवाईक पहिलं हेच विचारतात, फुकट ऑपरेशनचा कॅम्प कधी आहे? कॅम्प वाईट नाहीच, जिथे सर्जनच नाही तिथे तो मोठा आधार आहे, ऑपरेशन स्माइल या अशी ऑपरेशनं मोफत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये तशीच सुरुवात केली आणि आता त्यांचीही कायमची सेंटर्स आहेत.

पण ओठ शिवला म्हणजे झालं असं नाही ना! ओठाचं ऑपरेशन ३-६ महिन्यांचं असताना, टाळूचं वर्षाच्या आसपास, मग कान तपासत राहायचं, स्पीच थेरपी, कारण हवा नाकातून निसटते आणि "पपा" म्हटलं तरी "ममा" ऐकू येतं, शिवाय पक्का सुळा यायच्या आधी हिरडीत हाड भरावं लागतं म्हणजे ८-१० वर्षं गेलीच, तोवर निघून गेलेली कॅम्पची टीम कुठे शोधणार?

म्हणून मला स्माइल ट्रेन या दुसऱ्या संस्थेची १९९९ पासूनची पद्धत जास्त पटते, इथल्याच सर्जनना ट्रेनिंग, इथल्याच हॉस्पिटलला पैसे. फक्त वेल्ह्याहून थेरपीला येणाऱ्या आईचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरीही संस्थांनी धरायला हवी. देणगी देताना मी आधी विचारते, स्पीच थेरपिस्ट पगारावर आहे का?