पॅकर्स की काउबॉइज? टीम धरण्याआधी मालक कोण ते बघा

२८ सप्टेंबर २०२५ च्या रात्री मी डॅलसजवळच्या फ्रिस्कोत भाचीच्या घरी होतो. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगात काउबॉइजची, म्हणजे एनएफएल ह्या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या डॅलसच्या टीमची, निळी जर्सी होती, पाठीवर ११ नंबर आणि पार्सन्सचं नाव. समोर टीव्हीवर महिनाभरापूर्वी टीम बदललेला तोच मायका पार्सन्स १ नंबरची जर्सी घालून ग्रीन बेच्या पॅकर्सकडून पोराच्या लाडक्या टीमवर चालून येत होता. मॅच ज्यादा वेळ खेळूनही ४०-४० अशी बरोबरीत सुटली. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग जर्सीची बाही ओढत त्यानं विचारलं, "मामाआजोबा, आता ही घालायची की नाही?"

भाची म्हणाली, "मामा, तूच सांग ह्याला. आणि मलाही सांग. मला पण आता नीट एक टीम धरायची आहे."

त्या रात्री जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. इथे सविस्तर लिहितो, कारण अमेरिकेत नव्यानं आलेली बरीच मराठी घरं ह्याच प्रश्नापाशी अडतात. मी एकवीस वर्षं मिल्वॉकीत, ग्रीन बेच्याच विस्कॉन्सिन राज्यात, राहतो आणि पॅकर्सचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी काउबॉइजचं जे चांगलं आहे ते चांगलंच म्हणेन.

ह्या खेळात टीम एकदा धरली की सहसा सुटत नाही. सीझनमध्ये मॅच सतराच, त्यामुळे प्रत्येक हार आठवडाभर छातीवर बसते. म्हणून क्वार्टरबॅक (पास फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) कोण, कोच कोण हे नंतर बघा. माणसं येतात-जातात, पार्सन्सनं ते दाखवलंच. मी आधी विचारतो, टीम कुणाची आहे?

काउबॉइज एका माणसाची आहे. जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये ती सुमारे १४ कोटी डॉलरला घेतली आणि लगेच कोच टॉम लँड्री यांना घरी पाठवलं. लँड्री १९६० पासून, म्हणजे टीम जन्मली तेव्हापासून, सलग २९ सीझन तिथे होते. डॅलसमधल्या जुन्या लोकांपुढे आजही हा विषय काढला की त्यांचा चेहरा उतरतो. पण जोन्स यांनी आणलेल्या जिमी जॉन्सन यांनी टीम पुन्हा उभी केली. ट्रॉय एकमन, एमिट स्मिथ, मायकल अर्विन हे त्या काळातले खेळाडू. १९९२, १९९३ आणि १९९५ च्या सीझनमध्ये सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, जिंकले, त्यातला शेवटचा जॉन्सन गेल्यानंतर. आधीचे धरून टीमचे एकूण पाच.

आणि तिथेच गाडी थांबली. जानेवारी १९९६ नंतर काउबॉइज सुपर बोल तर सोडाच, त्याच्या आधीच्या कॉन्फरन्स फायनललाही पोचलेले नाहीत. एवढ्या वर्षांत कोच बदलले, क्वार्टरबॅक बदलले. जनरल मॅनेजर मात्र तोच राहिला, कारण मालकच जनरल मॅनेजर आहे आणि स्वतःला कोण काढणार? तरीही फोर्ब्सच्या यादीत ही जगातली सगळ्यात महागडी क्रीडा टीम आहे, २०२४ मध्येच किंमत दहा अब्ज डॉलरच्या वर होती. जिंकलं काय, हरलं काय, दुकान जोरात चालतं. पार्सन्सच्या कराराची बोलणी अशीच फिसकटली आणि सीझन तोंडावर असताना, २८ ऑगस्टला, त्याला पॅकर्सकडे देऊन टाकलं. बदल्यात घेतले पहिल्या फेरीचे दोन पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) आणि केनी क्लार्क हा खेळाडू. नऊ वर्षांच्या पोरानं जर्सीचं काय करायचं, हे त्या हिशोबात कुठेच नव्हतं.

आता ग्रीन बे. लोकसंख्या एक लाख सात हजार, म्हणजे आपल्या उदगीर-बार्शीएवढं गाव. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो या तरुणानं टीम काढली, मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीनं जर्सीसाठी पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. पैशाची चणचण भासू लागली तेव्हा, १९२३ मध्ये, गावानं शेअर काढून टीम आपल्या नावावर करून घेतली. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत.

मराठी माणसाला हे पटकन समजतं, कारण सहकारी साखर कारखाना आपण पाहिलेला आहे. सभासद, संचालक मंडळ, वार्षिक सर्वसाधारण सभा, ताळेबंद, सगळं तेच. फरक एवढाच की इथे ऊसही नाही आणि भावही नाही. शेअरवर लाभांश मिळत नाही, नफ्यात विकता येत नाही, सीझन तिकिटाच्या रांगेत पुढचा नंबरही मिळत नाही. उद्या टीम विकली गेलीच तर पैसा धर्मादाय कामाला जाईल. दोन लाखांपेक्षा जास्त शेअर एकाला घेता येत नाहीत, त्यामुळे कुणी धनदांडगा येऊन टीम उचलून नेऊ शकत नाही. सॅन डिएगो आणि सेंट लुइसच्या टीम लॉस एंजेलिसला गेल्या, ओकलंडची लास वेगासला गेली. मागे राहिलेल्या चाहत्यांनी पुढे रविवारी काय करायचं?

मी २०११ मध्ये २५० डॉलरला एक शेअर घेतला. बायको म्हणाली, ह्यात एक तोळा तरी सोनं आलं असतं का ते बघ. तेवढ्यात नसतं आलं, पण तिचा मुद्दा बरोबर होता. तो कागद हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. जुलैत लॅम्बो फील्डवरच सभा असते, तिला दोनदा गेलो. मैदानाच्या बाकांवर बसून हजारो लोक टीमचा जमाखर्च ऐकतात. माझ्या शेजारी शेतावरच्या बुटांत आलेले एक आजोबा होते, त्यांच्या हातात अहवाल आणि पेन्सिल, आकड्याखाली रेघ मारत होते. लीगमधली हीच एक टीम दरवर्षी आपले हिशोब लोकांपुढे ठेवते.

एवढ्याशा गावाला डॅलससमोर उभं राहणं परवडतं ते लीगच्या एका चांगल्या नियमामुळे. टीव्हीचा राष्ट्रीय पैसा ३२ टीममध्ये सारखा वाटला जातो आणि खेळाडूंच्या पगारावर सगळ्यांना एकच मर्यादा आहे. म्हणून पार्सन्सला चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर देणारी टीम ग्रीन बेची असू शकते.

मैदानांचा फरक तर दारातच कळतो. डॅलसचं स्टेडियम आर्लिंग्टनला, २००९ चं. छप्पर मिटतं-उघडतं, आत एसी, गरज पडली तर लाखभर माणूस मावतं. मैदानावर लटकलेला पडदा १६० फूट रुंद. खरं सांगतो, मी तिथे मॅच बघितली तेव्हा अर्धा वेळ नजर मैदानाऐवजी पडद्यावरच होती. पश्चिमेच्या भल्यामोठ्या काचेतून दुपारी उशिराचं ऊन थेट खेळाडूंच्या डोळ्यांत येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये काउबॉइजच्याच सीडी लॅमला त्या उन्हात टचडाउनचा (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवायचा) पास दिसलाच नाही. पडदे लावा म्हणून लोक ओरडले, जोन्स यांनी साफ नकार दिला. मालक एकच असला की असं होतं.

लॅम्बो फील्ड १९५७ चं. बसायला बहुतेक ठिकाणी धातूचे लांब बाक, त्यावर नंबर रंगवलेले, आणि डिसेंबरात प्रत्येकाच्या अंगावर चार थर असल्यानं ती जागा आणखी कमी पडते. पहिल्यांदा गेलो तेव्हा पायांत दोन मोज्यांचे जोड होते, तरी दुसऱ्या क्वार्टरला बोटं बधिर. मागच्या बाईंनी न विचारता खोक्याचा पुठ्ठा पुढे सरकवला आणि पायांखाली घ्यायला सांगितला. काँक्रीटची थंडी खालून चढते, ती त्या पुठ्ठ्यानं थांबली. तेव्हापासून मी दोन पुठ्ठे नेतो, एक नवख्यासाठी.

ह्याच मैदानावर ३१ डिसेंबर १९६७ ला ह्याच दोन टीम भिडल्या होत्या. उणे २५ अंश सेल्सिअस. जमीन गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडली, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या. १६ सेकंद उरले असताना पॅकर्सच्या बार्ट स्टारनं रेषेपासून एक यार्डावरून स्वतः घुसून टचडाउन केला आणि पॅकर्स २१-१७ जिंकले. त्यांचे कोच व्हिन्स लोम्बार्डी, सुपर बोलची ट्रॉफी आज त्यांच्याच नावाची आहे.

पण पॅकर्सचं सगळं गोड नाही. सीझन तिकिटं १९६० पासून संपलेली आहेत, प्रतीक्षा यादीत १ लाख ४० हजारांहून जास्त नावं. लोक बाळ जन्मलं की त्याचं नाव घालतात. तुम्हाला तिकीट पुनर्विक्रीतच आणि महागच मिळणार. खेळाचं म्हणाल तर ब्रेट फार्व्ह आणि ॲरन रॉजर्स असे दोन महान क्वार्टरबॅक पाठोपाठ, मिळून तीस वर्षं, आणि सुपर बोल दोनच. जानेवारी २०१५ ची सिएटलकडून झालेली हार मला अजून सलते. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत १९-७ पुढे होतो.

काउबॉइजच्या बाजूनं एक गोष्ट मात्र फार मोठी आहे. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी ते १९६६ पासून, दोन वर्षं वगळता, दरवर्षी घरच्या मैदानावर खेळतात. सुट्टी असते, पाहुणे आलेले असतात, भाचीच्या घरी तर त्या दिवशी पुरणपोळी असते. घर एकत्र बसून बघेल अशी मॅच हक्कानं मिळणं ही साधी गोष्ट नाही. शिवाय २०१६ पासून टीमचं मुख्यालयच फ्रिस्कोत आहे. मात्र न्यू जर्सीत एडिसनला नातेवाईक असतील तर जपून, तिथे न्यूयॉर्कच्या जायंट्स आणि फिलाडेल्फियाच्या ईगल्सवाले काउबॉइजचं नाव काढू देत नाहीत.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. डोक्याला बसणारे मार आणि त्यातून पुढे होणारा मेंदूचा आजार ही ह्या खेळाची जखम आहे, टीम कुठलीही असो. मुलाला खेळायचंच असेल तर धडका नसलेला फ्लॅग फुटबॉल द्या. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो असणार आहे.

माझं मत असं: डॅलसच्या परिसरात राहत असाल आणि घरात शाळकरी मूल असेल तर मुलाला काउबॉइजपासून तोडू नका. सोमवारी वर्गात सगळे एकत्र हरलेले असतात, तो आधार त्याला हवा. मोठ्या माणसानं कोऱ्या पाटीवर निवडायची असेल, किंवा जवळ कुठलीच टीम नसेल, तर पॅकर्स. पुण्यात बसून सोमवारी पहाटे ५:५० ला रात्रीची मॅच लावणार असाल तरीही पॅकर्स. शिकागोत असाल तर बेअर्स घरची टीम आहे आणि आमचं त्यांच्याशी १९२१ पासून वैर आहे, तिथे मी मध्ये पडत नाही.

भाचीनं पॅकर्स धरली. पोराला मी सांगितलं, जर्सी घाल. ती घेतलीस तेव्हा पार्सन्स तुझ्या टीमचा होता आणि तू मनापासून ओरडत होतास. दुसऱ्या दिवशी तो तीच घालून शाळेत गेला.