फ्री-मोशन क्विल्टिंगचा फूट: पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव, आणि त्या एका स्क्रूबद्दल

गोधडी घालताना सुई मोडली आणि मग दोरा सारखा तुटायला लागला, म्हणून शिलाई मशीन सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथल्या माणसाचं म्हणणं असं पडलं की, "मॅडम, हे मशीन ब्लाउज-परकर शिवायला आहे. गोधड्या घालाल तर हुक जाणारच. वॉरंटीत बसत नाही." ज्या मशीनच्या खोक्यावरच एक बाई भलीमोठी क्विल्ट घेऊन हसताना छापली आहे, त्या मशीनबद्दल हे ऐकून घ्यायचं. खोकं मी माळ्यावर जपून ठेवलंय, त्याचा फोटो काढून दाखवलाही. "ते फक्त चित्र आहे हो," असं उत्तर मिळालं. हुक, म्हणजे बॉबिनपाशी फिरत वरचा दोरा पकडणारा भाग, बदलायचा अडीच हजारांचा अंदाज कागदावर लिहून दिला, तो घेऊन आणि मशीन तसंच पिशवीत घालून मी घरी आले. मशीनचं नाव लिहीत नाही, कारण दोष मशीनचा नाहीच. दोष एका स्क्रूचा आहे आणि तो पुढे सारखा येणार आहे, तयारी ठेवा.

मशीन साधं घरगुती, इलेक्ट्रिक, झिगझॅगवालं. बहुतेकींकडे असतं तेच, म्हणून त्याची वैशिष्ट्यं सांगत बसत नाही. कापड सरकवणारे दात खाली करायचा खटका मागच्या बाजूला आहे, फूट (कापड दाबून धरणारे) लो-शँकचे, म्हणजे आखूड दांड्याचे, बसतात. हे लिहितेय ते वेगळ्या विकत घेतलेल्या डार्निंग फुटाबद्दल, म्हणजे रफूच्या फुटाबद्दल, आणि त्याच्या जिवावर जे करतात त्या फ्री-मोशनबद्दल, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत शिवण्याबद्दल. फूट दोनशेच्या आत मिळाला. त्यापायी झालेला बाकीचा खर्च खाली येईलच.

या प्रकाराची मला खरोखर धास्ती होती. नेहमीच्या शिवणीत दात कापड मागे ओढतात, टाका किती लांब ते चकती ठरवते, आपण नुसती दिशा द्यायची. इथे दात खाली गेले की कापड ओढणारं कुणी नाही. सुई जागच्या जागी खालीवर होते आणि तिच्याखाली तीन थरांचं ओझं आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. पाय जोरात आणि हात हळू, तर टाके इतके बारीक की उसवताना साडी फाटते. हात जोरात आणि पाय हळू, तर टाक्यात करंगळी अडकेल. हाताने धावदोरा घालताना गोधडी जमिनीवर पसरलेली असते आणि सुई आपल्या मर्जीने चालते. इथे सगळंच उलटं. आजी गोधडी कडेकडेने घालत आत यायची. इथे मधून सुरुवात करून बाहेर जायचं, नाहीतर सगळा फुगवटा मध्ये गोळा होतो आणि मागे चुण्या पडतात.

अमेरिकेतसुद्धा मशीनच्या टाक्याला बराच काळ हाताच्या टाक्याच्या पंगतीत बसू देत नसत. 1989 साली केंटकी राज्यातल्या पदुका गावच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनकामाला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळत होता. आमच्या घरी 1989 अजून उजाडायचंय. सासूबाईंचं मत ठाम आहे: "मशीनची गोधडी ताठ राहते गं, अंगाला बसत नाही."

त्यांचं म्हणणं अर्धं खरं निघालं, ते इथेच सांगून टाकते. इंटरनेटवरच्या बायका दाट, नागमोडी, कुठेही एकमेकींना न छेदणाऱ्या ओळींनी कापड भरून टाकतात. दिसायला फार सुंदर. पण तेवढं दाट घातलं की पांघरूण ताठ होतं, भिंतीवर लावायला ठीक. पांघरायचं असेल तर दोन ओळींत दोन-तीन बोटं अंतर सोडा. दोराही कमी लागतो, हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.

आता स्क्रू.

डार्निंग फुटाला बाजूने एक दांडी असते. ती सुई पकडणाऱ्या स्क्रूच्या वर टेकते. सुई वर गेली की दांडी उचलली जाते आणि फूट उडी मारतो, सुई खाली आली की फूट कापडावर टेकतो. त्या टेकलेल्या क्षणी टाका पडतो, उचललेल्या क्षणी आपण कापड सरकवायचं. कल्पना झकास आहे. पण ती दांडी मिनिटाला काही शे वेळा आपटत असते आणि सगळा फूट मशीनला धरून ठेवणारा स्क्रू एकच. तो हळूहळू ढिला होतो. आवाज नाही, इशारा नाही. साधारण दुसरी बॉबिन संपत आली की फूट केसभर तिरका झालेला असतो. आपलं लक्ष नक्षीकडे. मग एकदम "टक" होतं, सुई फुटावर बसते आणि तिचं टोक मोडून खाली हुकाच्या अंगाला लागतं.

माझ्या मशीनचं नेमकं हेच झालं. हुकाच्या टोकाला बारीकशी खरड पडली. तिथे दोरा अडकायचा, पिंजायचा, तुटायचा. वरून बघितलं तर सगळं ठाकठीक. सर्व्हिस सेंटरवाल्याने "रुई साचलीय, जास्त काम केलंय" असं म्हणून हुक बदलायला काढला. रुई होती, नाही म्हणत नाही. जुन्या सुती साड्या भुसा सोडतात, दर दोन बॉबिननंतर बॉबिन केस काढून ब्रशने झाडावं लागतं. पण रुईने हुकावर खरड पडत नाही एवढं मलाही कळतं.

शेवटी रविवार पेठेत जुनी मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी हुकावरून अंगठ्याचं नख फिरवलं, एका जागी थांबले, "इथे आहे" म्हणाले. शून्य नंबरच्या पॉलिश पेपरची चिंधी बोटाभोवती गुंडाळून ती जागा घासली, परत नख फिरवलं, परत घासली. मग सुई आणि हुकाचं टायमिंग बघून दिलं. तीनशे रुपये. पैसे सुटे करताना म्हणाले, "ताई, हा स्क्रू हाताने पिळून भागत नाही. त्याला खाच दिलीय ती पेचकस लावायला. दर बॉबिनला एकदा आवळायचा." फुटासोबत आलेल्या कागदावर चार भाषांत लहान मुलांपासून दूर ठेवा असं छापलंय, हे एक वाक्य एकाही भाषेत नाही. तेव्हापासून पेचकस मशीनच्या मानेला दोऱ्याने बांधून ठेवलाय. बॉबिन बदलली की आधी स्क्रू, मग ब्रश, मग दोरा. त्यानंतर सुई मोडलेली नाही. मोडली ती फक्त इरकलीच्या काठावर, आणि तो दोष काठाचा. काठाचे तीन थर एकावर एक आले तर 16 नंबरची सुई घाला किंवा काठ कापून वेगळे ठेवा. एरवी जुन्या साडीला 14 नंबर पुरते.

सुरुवातीला मैत्रिणींच्या ग्रुपवर मी या फुटाला पाचपैकी एक दिला होता आणि "दोनशे रुपये पाण्यात" असं लिहिलं होतं. स्क्रूचा राग कायम आहे, पण गुण वाढवतेय. कारण आत्या.

दिवाळीत आत्या राहायला आली. तिने सत्तरीच्या दशकात कराडला शिवणक्लासमध्ये मशीन-भरतकाम शिकलं होतं, काळ्या पायमशीनवर. मी घाबरत घाबरत वळणं काढत होते, ती मागे उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हे एवढंच? यासाठी फूट कशाला लागतो गं? रिंग आण." तिने फूट काढून बाजूला ठेवला, साडीचे दोन थर भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवले आणि नुसत्या उघड्या सुईखाली मोराची मान काढली. खडूची खूण नाही, काही नाही. पाय एका गतीने, हात जिलबी घालणाऱ्याच्या हातासारखा न थांबता फिरत होता. कॉलेजातल्या माझ्या कुर्त्यांवरच्या वेली अशाच झालेल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी मी रात्र रात्र व्हिडिओ बघून नोट्स काढत होते, ती आपल्याकडच्या हजारो बायका रिंग लावून करत आल्या आहेत. फक्त गोधडीवर करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण गोधडी हाताने होत होती आणि फुकट होत होती.

एक सावधगिरी: फूट नसताना बोटं सुईच्या फार जवळ जातात. आत्याचा हात बसलेला आहे, तुमचा-माझा नाही. शिवाय जाड थर रिंगमध्ये बसतच नाहीत. तेव्हा फूट लावाच.

आत्याने दोन गोष्टी जागेवर सुधारल्या. एक, सुरुवातीला एकच टाका घालून खालचा दोरा वर ओढून घ्यायचा आणि दोन्ही टोकं बोटाने धरून ठेवायची. त्यामुळे मागच्या बाजूचा सुरुवातीचा गुंता बंद झाला. दुसरी, वळणावर घाई करायची नाही. मी सरळ ओळीत शहाण्यासारखी जायचे आणि वळण आलं की हात आपोआप पळायचा. तिथे वरचा दोरा खालच्या बाजूला ओढला जायचा आणि मागे प्रत्येक वळणावर फाशांची झालर तयार व्हायची. पुढून बघाल तर कौतुक कराल, उलटं केलंत तर लाज वाटेल. मी तोवर वरचं टेन्शन चारवरून पाच, पाचवरून सहा करत होते. त्याने थोडा फरक पडतो, खरा फरक हात मंदावल्यावर पडला. खरं टेन्शन तपासायचं तर वर एका रंगाचा आणि बॉबिनला दुसऱ्या रंगाचा दोरा घालून वहीच्या पानाएवढ्या चिंध्यांवर करून बघा. प्रत्यक्ष कामाला मात्र दोन्हीकडे एकच रंग ठेवा, बरंच काही झाकलं जातं.

दात खाली करणंही सक्तीचं नाही असं आता माझं मत झालंय. टाक्याची लांबी शून्यावर ठेवली की दात वर असले तरी कापड पुढे ढकलत नाहीत, आणि माझ्या मशीनवर टाका उलट जास्त नीट येतो. ज्यांच्या मशीनला खटकाच नाही त्यांनी एवढ्यासाठी नवीन मशीन घेऊ नये. फुटाचा लिव्हर मात्र खाली करायला विसरू नका. फूट अधांतरी दिसतो म्हणून कळत नाही, पण लिव्हर वर राहिला तर वरच्या दोऱ्याला ताणच लागत नाही आणि खाली घरटं तयार होतं.

बाकीच्या सामानावर खर्च करू नका. क्विल्टिंगचे खास हातमोजे म्हणून जे विकतात त्यांच्या किमतीत दोन किलो साखर येते. बँकेत नोटा मोजायला बोटात घालतात ती रबरी टोपणं चार घ्या, काम तेच होतं. कापड घसरावं म्हणून मशीनच्या पाटावर ओव्हनमधली टेफ्लॉनची शीट भोक पाडून चिकटवली. मशीनभोवती सपाट जागा हवीच, नाहीतर गोधडीचं वजन एका बाजूला लोंबतं आणि हात ओढले जातात. 2018 पासून मखराचा थर्माकोल बंद झाला, पण फ्रिजच्या खोक्यात अजून येतो. शेजाऱ्यांचा फ्रिज आला तेव्हा तो मागून घेतला, मशीनच्या आकाराची खाच कापली, वर सनमायकाचा तुकडा टाकला. बॅटिंगसुद्धा, म्हणजे मधे भरायचा तयार थर, घेतली नाही. तीन जुन्या सुती साड्या एकावर एक, चार-चार इंचांवर सेफ्टी पिना. पिना काटकसरीने लावू नका, काटकसरीचा माझा एकुलता एक अपवाद हाच.

आता जे जमत नाही ते. माझ्या मशीनला सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम साडेसहा इंच जागा आहे. मधून सुरुवात करायची म्हणजे अर्धी गोधडी गुंडाळून त्या साडेसहा इंचांत कोंबायची आणि तरीही मोकळ्या हाताने वेली काढायच्या. दुपटं, मांडीवर घ्यायचं पांघरूण, उशीचा अभ्रा, इथवर मजा येते. भाचीच्या बाळाचं दुपटं दोन दुपारींत झालं आणि मागची बाजूसुद्धा दाखवण्यासारखी आहे. सिंगल बेडची घेतली तेव्हा खांदे आणि मान यांनी असहकार पुकारला. मोठं काम करायचंच असेल तर तुकड्यातुकड्यांनी क्विल्ट करून मग जोडा. सरळ ओळी हव्या असतील तर फ्री-मोशनच्या नादाला लागूच नका, वॉकिंग फूट घ्या. तो महाग आहे, पण वरचं आणि खालचं कापड बरोबर सरकवतो.

फुटाला आता चार देते. पाचवा त्या स्क्रूने खाल्ला. घेताना आपल्या मशीनचा शँक लो की हाय ते बघून घ्या, आणि पुढून उघडा असलेला फूट मिळाला तर तोच घ्या, सुई कुठे पडतेय ते दिसतं.

डबलबेडची मात्र मी हाताने घालायला दिली. आमच्या मागच्या गल्लीतल्या मावशी घालतात. साड्या बघून म्हणाल्या, "बाई, दोरा तू आणून दे, मजुरी नंतर बघू." आता मजुरी किती सांगतात ते बघायचं. अडीच हजारांच्या वर गेली नाही म्हणजे मिळवली.