पीएनआर होता, तिकीट नव्हतं

"बुकिंग झालं होतं, पण आता ते रद्द आहे. तिकीट व्हॉइड दाखवतंय." काउंटरवरच्या मुलीने हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई शेजारी व्हीलचेअरवर होती. मांडीवर पासपोर्ट, आणि पासपोर्टवर तो प्रवासाचा छापील कागद. त्याच्या घड्या ती तळहाताने पुन्हा पुन्हा सपाट करत होती, जणू कागद नीट दिसला की सगळं नीट होईल. विमान सुटायला अडीच तास होते. बॅगेत बहिणीच्या होणाऱ्या बाळाची दुपटी होती. तिला दिलेली तारीख अवघ्या नऊ दिवसांवर आली होती.

हे सगळं लिहायला मला वर्ष लागलं. आधी राग होता, मग लाज. आता वाटतं की लाज बाळगून उपयोग नाही, कारण ज्या पद्धतीने आम्हाला गंडवलं ती पद्धत कळली असती तर मी दहा दिवस आधीच सावध झाले असते. म्हणून ती नीट उलगडून सांगते.

एजंट अनोळखी नव्हता. त्याआधी तीन वेळा त्याने आमची तिकिटं काढली होती आणि एकदाही तक्रारीला जागा नव्हती. आईला तो "काकू" म्हणायचा, मला "ताई". एअरलाइनच्या वेबसाइटवर जे भाडं दिसत होतं त्यापेक्षा त्याचा दर बऱ्यापैकी कमी होता. एवढ्यावरून संशय घ्यावा असंही नाही. घाऊक तिकिटं घेणाऱ्या मोठ्या एजन्सींना काही मार्गांवर खरोखर कमी दर मिळतात आणि त्यांच्याकडून घेणारे छोटे एजंट ते पुढे देतात. संशय यायला हवा होता तो पुढच्या वाक्यावर. "कार्डने दिलेत तर चार्ज पडेल ताई, सरळ खात्यावर टाका." खातं एजन्सीच्या नावाचं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या नावाचं होतं. मी टाकले. दोघींचे, येण्याजाण्याचे, सगळे एकरकमी.

तासाभरात पीडीएफ आली. वर एअरलाइनचं चिन्ह, आमची नावं, फ्लाइटचे नंबर, वेळा, "स्थिती: कन्फर्म" आणि सहा अक्षरांचा पीएनआर. मी तशी काळजी घेणारी बाई आहे. लगेच एअरलाइनच्या वेबसाइटवर जाऊन पीएनआर आणि आडनाव टाकलं. दोघींची नावं आली, फ्लाइट आली. मी निश्चिंत झाले. माझी पहिली चूक ती इथे झाली, आणि बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात.

पीएनआर म्हणजे फक्त आरक्षणाची नोंद. अमाडेयस, सेबर, गॅलिलिओ अशा ज्या यंत्रणांतून एजंट जागा पाहतात, त्यांत एक पैसाही न भरता तो प्रवाशांची नावं टाकून जागा धरून ठेवू शकतो. एअरलाइन त्याला मुदत देते: अमुक वेळेपर्यंत तिकीट काढा, नाहीतर जागा सुटेल. त्या मुदतीत वेबसाइटवर तुमचं बुकिंग अगदी खऱ्यासारखं दिसतं, कारण ते खरंच असतं. तिकीट ही त्यानंतरची वेगळी गोष्ट. आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेने १ जून २००८ पासून कागदी तिकिटं बंद केली, तेव्हापासून तिकीट म्हणजे एअरलाइनच्या संगणकातली एक नोंद आणि तिचा १३ आकडी क्रमांक. त्यातले पहिले तीन आकडे एअरलाइनचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, लुफ्तान्साचे २२०. हा क्रमांक जोवर निघत नाही तोवर तुमच्याकडे तिकीट नाही, कागदावर कितीही "कन्फर्म" लिहिलेलं असो.

आमच्या त्या पहिल्या पीडीएफमध्ये तिकीट क्रमांकाची ओळच नव्हती. मी ती पीडीएफ नंतर कितीतरी वेळा उघडून पाहिली. नावांच्या खाली थेट सामानाचं वजन. मधे जिथे १३ आकडे असायला हवेत तिथे काही नाही. समोर होतं, पण काय नाही हे बघायची सवय आपल्याला नसते.

पुढे काय झालं? मुदत संपली, जागा सुटली. एअरलाइनने तसं कळवलंही असेल, पण आम्हाला नाही, कारण बुकिंगमध्ये एजंटने स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. हे बरेच एजंट करतात, प्रामाणिक सुद्धा. पण त्यामुळे फ्लाइटची वेळ बदलली, रद्द झाली, काहीही झालं तरी निरोप आधी त्याच्याकडे जातो आणि पुढे पोचवायचा की नाही हे त्याच्या हातात राहतं.

निघायच्या पाच दिवस आधी मी आईसाठी व्हीलचेअरची नोंद करायला म्हणून वेबसाइट उघडली. बुकिंग सापडेना. एजंटला फोन केला. तो जराही गडबडला नाही. "फ्लाइटची वेळ बदलली ना ताई, म्हणून नवीन पीएनआर पडलाय, पाठवतो." नवा पीएनआर आला. आता मात्र मला शंका आली होती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, तिकीट क्रमांक माग. मी मागितला. एजंट म्हणाला संध्याकाळपर्यंत देतो. दोन दिवस टाळाटाळ झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघींचे १३ आकडी क्रमांक आले. मी वेबसाइटवर तपासले. तिकीट निघालेलं होतं. व्हीलचेअरची नोंदही झाली. मी आईला म्हटलं, "आता चिंता नाही."

आणि त्याच रात्री त्याने ती तिकिटं व्हॉइड केली.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. एजंटने काढलेलं तिकीट साधारणपणे त्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत व्हॉइड करता येतं. नाव चुकलं, तारीख चुकली तर दुरुस्ती करता यावी म्हणून ही सोय आहे. व्हॉइड म्हणजे रिफंड नव्हे. विक्री मुळात झालीच नाही असं धरतात. रद्द करण्याचं शुल्क सहसा लागत नाही, एअरलाइनपर्यंत पैसे पोचतच नाहीत. म्हणजे दुपारी आम्हाला दाखवायला तिकीट काढायचं, आम्ही तपासून गप्प बसलो की रात्री पुसून टाकायचं. "काकूंना व्हीलचेअर आहे, चेक-इन काउंटरवरच होईल, ऑनलाइन करू नका," असं तो म्हणाला होता. मी तेही ऐकलं. ऑनलाइन करायला गेले असते तर आदल्या दिवशी घरीच कळलं असतं, विमानतळावर कळायची वेळ आली नसती.

काउंटरवरून एजंटला सतरा फोन केले. पहिले दोन वाजले, नंतर बंद. एअरलाइनच्या तिकीट खिडकीवर गेले. त्या फ्लाइटला एकच जागा शिल्लक होती आणि भाडं आधीच्या कितीतरी पट. आई म्हणाली, "तू नको येऊस, मी जाते. तिला आत्ता माझी गरज आहे." आयुष्यात ती कधी एकटी विमानात बसली नव्हती. मी कार्ड पुढे केलं. चार मिनिटांत माझ्या फोनवर ईमेल आला, त्यात आईचं नाव, पीएनआर आणि खाली १३ आकडे. चार मिनिटं. ज्याच्यासाठी मी तीन दिवस एका माणसाच्या विनवण्या केल्या ते चार मिनिटांत. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाबरोबर आई आत गेली, वळून हात केला, आणि मी तिथल्याच बाकावर किती वेळ बसले मला आठवत नाही.

मग पैशांचा पाठपुरावा. एअरलाइनने सभ्यपणे सांगितलं की तुमचे पैसे आमच्याकडे आलेच नाहीत, त्यामुळे परत करण्याचा प्रश्न नाही. आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतः खात्यावर पाठवलेत, आम्ही ते परत ओढू शकत नाही. कार्डने भरले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून व्यवहाराला हरकत घेता आली असती. निकाल आपल्याच बाजूने लागेल असं नाही, पण निदान दार तरी उघडं असतं. माझ्या त्याच सहकाऱ्याचं तिकीट एकदा दुसऱ्या एजंटने अडकवलं होतं, त्याला हरकत घेऊन पैसे मिळाले. माझ्याकडे होती फक्त एका व्यक्तीच्या नावावर केलेली ट्रान्सफर, आणि तिच्यावर "तिकीट" असंही लिहिलेलं नव्हतं.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. आमच्या माणसाला तिकीट काढायचा अधिकारच नव्हता. तो उपएजंट होता. दुसऱ्या एका मोठ्या एजन्सीकडून तिकिटं काढून घ्यायचा. त्या एजन्सीने सांगितलं, आमचा व्यवहार त्याच्याशी, तुम्हाला आम्ही ओळखत नाही. साखळीत आमच्या आणि एअरलाइनच्या मधे दोन जण होते आणि आम्हाला एकच माहीत होता. एजंटाला पहिल्याच दिवशी विचारावं: तिकीट तुम्ही स्वतः काढता की कुणाकडून काढून घेता? हा प्रश्न विचारायला मला आता अजिबात संकोच वाटत नाही.

पोलिसांत तक्रार दिली. तिथे कळलं की आमच्या आधी सहा कुटुंबं येऊन गेली आहेत. एकाचे पैसे दुसऱ्याच्या तिकिटात, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, असं तो कित्येक महिने फिरवत होता. म्हणजे आमची आधीची तीन तिकिटं कदाचित अशीच कुणाच्या तरी पैशांवर निघाली असतील. हा विचार मला सगळ्यात जास्त छळतो. "इतक्या वर्षांचा माणूस आहे" या एका गोष्टीवर मी डोळे मिटून विसंबले, आणि त्या भरवशाच्या वर्षांत तो काय करत होता हे मला माहीतच नव्हतं. आठ महिन्यांनी निम्म्याहून थोडे कमी पैसे परत मिळाले. बाकीच्या पैशांसाठी तारखा चालू आहेत.

सगळे एजंट असे असतात असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. चार देशांचा प्रवास, वेगवेगळ्या एअरलाइन्सच्या जोडफ्लाइट, वीस जणांचा गट, अशा वेळी चांगला एजंट खरोखर उपयोगी पडतो. मध्यरात्री फ्लाइट रद्द झाली तर कॉल सेंटरच्या रांगेपेक्षा त्याचा एक फोन कामाला येतो. पण साधं येण्याजाण्याचं तिकीट मी आता एअरलाइनकडूनच घेते, थोडं महाग पडलं तरी. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटात काही बदल करायला गेलं की एअरलाइन बहुतेक वेळा "तुमच्या एजंटशी बोला" म्हणते, एजंट "एअरलाइनकडून उत्तर आलं नाही" म्हणतो, आणि त्यात दिवस जातात. रिफंडही आधी एजंटाकडे जातो, मग तुमच्याकडे, त्याच्या सवडीने, त्याचं शुल्क कापून. अमेरिकेत जाणाऱ्या-येणाऱ्या फ्लाइटसाठी २४ तासांत फुकट रद्द करण्याचा जो नियम आहे, तोही एअरलाइनकडून थेट घेतलेल्या आणि निदान सात दिवस आधी काढलेल्या तिकिटांना लागू आहे. एजंटाने तशी सवलत द्यावीच असं बंधन नाही. हे घेताना कुणी सांगत नाही.

एजंटाकडूनच घ्यायचं असेल तर पैसे कार्डने आणि एजन्सीच्या नावावरच. बुकिंगमध्ये तुमचा स्वतःचा ईमेल आणि नंबर टाकायला लावा. १३ आकडे आल्याशिवाय "तिकीट झालं" म्हणू नका, आणि आल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा, म्हणजे व्हॉइडची मुदत उलटून गेलेली असते. वेबसाइटवर नीट कळत नसेल तर एअरलाइनला फोन करून तिकीट क्रमांक सांगा आणि विचारा की हे तिकीट चालू आहे का. मग निघायच्या आठवडाभर आधी एकदा, आदल्या दिवशी एकदा. एजंट म्हणेल, "एवढा काय अविश्वास?" म्हणू दे.

आई पोचल्यावर पाचव्या दिवशी भाची झाली, सगळं सुखरूप. परतीचं तिकीट बहिणीने थेट एअरलाइनकडून काढलं. मधल्या काळात एअरलाइनने फ्लाइटची वेळ दोनदा बदलली. दोन्ही वेळा ईमेल बहिणीला आला, तिने तो मला पाठवला, आणि मी तो उघडून सगळ्यात आधी खालचे १३ आकडे पाहिले.