युआरएललिब३चा 'रिट्राय': रेट लिमिटला पुरतो, कोट्याला नाही

पायथनमध्ये ४२९ (थोड्या वेळात फार विनंत्या आल्या, म्हणजे रेट लिमिट ओलांडली, हे सांगणारा सर्व्हरचा कोड) दिसला की पहिला सल्ला मिळतो, 'रिट्राय लाव'. म्हणजे युआरएललिब३ या वेब-विनंत्यांच्या लायब्ररीतली, फसलेली विनंती आपोआप पुन्हा पाठवणारी सोय. रोज रात्री वेगवेगळ्या एपीआयमधून डेटा ओढणाऱ्या आमच्या कामात तो कित्येक महिने चालतोय. काढून टाकणार नाही, पण भाबडेपणाने वापरण्यासारखाही नाही.

डिफॉल्ट सेटिंग कुचकामी आहे. बॅकऑफ फॅक्टर (पुनर्प्रयत्नांमधला थांबा ठरवणारा आकडा) मुळात शून्य, म्हणजे नकार आला की लगेच पुन्हा दार ठोठावणार. तो १ केला की पहिला पुनर्प्रयत्न लगेच, मग २, ४, ८ सेकंद असं वाढत कमाल १२० पर्यंत. शिवाय ४२९ सोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने परत यायचं ते सांगणारी उत्तरातली ओळ) नसेल, तर तो कोड स्वतःहून पुनर्प्रयत्नाच्या कोडांच्या यादीत घातल्याशिवाय पुनर्प्रयत्न होतच नाही. पोस्ट विनंत्यांना (सर्व्हरकडे माहिती पाठवणाऱ्या) असा नकार आला तर हा मुळात हात लावत नाही, ते मला पटतं. ऑर्डर दोनदा गेली तर निस्तरणार कोण?

हेडर आला की मात्र तो इमानाने पाळतो, सेकंद असोत वा तारीख-वेळ. कधी कधी जरा जास्तच इमानाने. एका सेवेने ३६०० सेकंद पाठवले आणि वर्कर (काम उपसणारी प्रोसेस) तासभर गाढ झोपला. नेहमीच्या लॉगमध्ये अवाक्षर नाही, सीपीयू शून्यावर, प्रोसेस लटकल्यासारखी. आता हेडरचा आकडा मोठा असेल तर आम्ही काम रांगेत परत टाकतो.

वर्कर अनेक असतील तर आणखी एक गोम आहे. आवृत्ती २.० पासून जिटर (थांब्यात मिसळलेला थोडा यादृच्छिक वेळ) देता येतो, पण तो बॅकऑफलाच लागतो. रिट्राय-आफ्टरवर थांबलेले सगळे वर्कर एकाच क्षणी उठतात आणि पुन्हा ४२९ खातात. म्हणून पुढे सगळ्यांसाठी एकच टोकन बकेट (विनंत्यांचा वेग आधीच आवरणारा सामायिक हिशेब) ठेवली. खरा फरक तिने पडला.

कोट्यापुढे रिट्राय हतबल. यूट्यूब डेटा एपीआयचा दिवसाचा कोटा (एकूण वापराची मर्यादा) संपला की ४०३ हा नकाराचा कोड येतो आणि कोटा पुन्हा भरतो पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री. तोवर डोकं आपटून उपयोग नाही. काही सेवा दोन्हीसाठी ४२९च देतात, खरं कारण बॉडीत, म्हणजे उत्तराच्या मजकुरात असतं. डिफॉल्टमध्ये प्रयत्न संपले की एक्सेप्शन येतं आणि बॉडी हातची जाते. म्हणून 'रेझ ऑन स्टेटस' हे सेटिंग बंद करा.

गिटहबच्या एपीआयवर टोकनशिवाय (इथे टोकन म्हणजे ओळख पटवणारी किल्ली) तासाला ६०, टोकनसह ५००० विनंत्या. टोकन देऊन ईटॅग (आधीच्या उत्तराची आवृत्ती ओळखणारी खूण) पाठवला आणि ३०४, म्हणजे 'बदल नाही', आला तर ती विनंती मोजली जात नाही. बदल नसलेल्या रेपोंच्या वरकड विनंत्यांची आमची अडचण तिथेच मिटली, रिट्रायपर्यंत गोष्ट गेलीच नाही.