रविवारची सेव्हन-अ-साइड (सात-सात जणांची) फुटबॉल लीग: इथं खोटं लोळणाऱ्याला शिक्षा होते, म्हणून चार तारे

आमची टीम या टर्फच्या रविवारच्या लीगमध्ये दोन मोसम खेळली. पहिला दिवाळीनंतरचा, दुसरा नुकताच मे महिन्यात संपला. एकाच सोसायटीतली मंडळी आणि त्यांचे मित्र, वय 22 ते 42. मी त्यातला थोरला, बॅकला खेळतो.

आधी मैदानाचं सांगतो, कारण बुकिंग करणारे तेच विचारतात. गवत चांगलं आहे. काळे रबरी दाणे वेळच्या वेळी भरतात, त्यामुळे घसरून पडलं तरी कोपर सोलवटत नाही. रस्त्याकडच्या कोपऱ्यात कार्पेटचा सांधा उचलला गेलाय, कॉर्नर घेताना तिथं पाय अडकतो. मालकांना दोनदा सांगून झालंय. दिवे स्वच्छ, पाणी गार. गाड्या लावायला जागा कमी, संध्याकाळच्या मॅचला शक्यतो दुचाकीवर या. आठ टीमची लीग, प्रत्येक टीमला 9,000 रुपये. त्यात साखळीचे सात सामने, रेफ्री, बर्फ, आणि दर रविवारी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी मैदानाच्या कडेला पेटी घेऊन बसलेली असते. एवढ्या पैशांत आजूबाजूला नुसतं मैदान मिळतं.

पण मी हे सगळं लिहायला बसलोय ते इथल्या एका नियमासाठी. लागलं नसताना लागल्याचं सोंग करून रेफ्रीला फसवलं तर इथं शिक्षा होते. बोर्डावर लिहून सोडून दिलेलं नाही, खरोखर होते. मी ती माझ्याच टीमला होताना पाहिली आहे.

दुसऱ्या मोसमाची सेमीफायनल होती. 1-1. वीस-वीस मिनिटांचा सामना, शेवटची नऊ मिनिटं राहिलेली. आमचा फॉरवर्ड, 22 वर्षांचा, पायात विलक्षण वेग असलेला पोरगा, बॉल घेऊन आत घुसला. त्यांच्या स्टॉपरचा, म्हणजे बचावातल्या खेळाडूचा, हात त्याच्या छातीला लागला, आणि हा दोन्ही हातांनी तोंड धरून खाली. ओरडणं असं की बाकावरचे सगळे उभे राहिले. रेफ्री मागून धावत येत होता, त्याला कोपर तोंडावर बसल्यासारखं दिसलं. रेड कार्ड. सहा जणांवर आलेल्या त्या टीमला आम्ही शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि फायनलला गेलो.

मी मागे, हाफलाइनच्या जवळ होतो. मला हात छातीवर लागलेला दिसला होता. तरी मी तेव्हा बोललो नाही, हे इथं लिहिलंच पाहिजे.

दोन्ही गोलच्या मागे स्टँडवर एकेक फोन लावलेला असतो, आवाजासकट सगळा सामना रेकॉर्ड होतो. त्यांच्या कॅप्टनने रात्री तक्रार दिली. इथली पद्धत अशी की तीन माणसं ते चित्रण वेगवेगळी बसून बघतात: एक जुना खेळाडू, एक प्रशिक्षक, एक रेफ्री, तिघेही त्या सामन्याशी संबंध नसलेले. तिघांचंही एकमत झालं तरच शिक्षा. एकालाही शंका वाटली तर विषय बंद. सोमवारी संध्याकाळी निकाल आला. स्टॉपरचं रेड कार्ड रद्द, आमच्या पोराला दोन सामने बंदी. फायनल आम्ही त्याच्याशिवाय खेळलो, 3-1 हरलो.

आमच्या ग्रुपवर त्या रात्री बरीच खडाजंगी झाली. "सगळेच करतात", "मेस्सी-नेमारच्या मॅचमध्ये काय होतं मग", "सात जणांच्या गल्लीतल्या लीगला कशाला एवढा कडकपणा". मी बराच वेळ गप्प होतो, कारण मला 3 जून 2002 ची दुपार आठवत होती.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेत वर्ल्ड कप म्हणजे ब्राझील किंवा अर्जेंटिना, मधलं काही नाही, आणि आमची गल्ली ब्राझीलची. कोरियातल्या उल्सानला ब्राझील-तुर्कस्तान, आपल्याकडे दुपारी अडीचला. ब्राझील 2-1 ने पुढे, वेळ संपत आलेली. ब्राझीलचा रिवाल्डो कॉर्नरपाशी बॉलची वाट बघत उभा, तुर्कस्तानच्या हकान उन्सालने बॉल त्याच्याकडे जोरात मारला. बॉल लागला मांडीला, रिवाल्डोने धरलं तोंड. उन्सालला दुसरं यलो, म्हणजे बाहेर. आणि आम्ही तीस-चाळीस पोरं त्या खोलीत टाळ्या वाजवत होतो. रिप्लेमध्ये स्पष्ट दिसलं तरी वाजवत होतो. फिफाने रिवाल्डोला दंड केला, 11,670 स्विस फ्रँक. एकाही सामन्याची बंदी नाही. तो पुढचे सगळे सामने खेळला आणि वर्ल्ड कप घेऊन गेला. मैदानाबाहेर बसावं लागलं ते उन्सालला. मी तेव्हा 19 वर्षांचा होतो, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून शाहू स्टेडियमवर उतरायला नुकती सुरुवात केली होती. आम्ही त्या दुपारी काय शिकलो असू?

या टर्फचा मालक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, मला दादा म्हणतो. मी त्याला विचारलं, ही तीन माणसांची पद्धत कुठून आणली? त्याने सांगितलं, इंग्लंडची. तिथल्या एफएने (फुटबॉल असोसिएशनने) 2017-18 च्या मोसमापासून हेच सुरू केलं: सोंग करून पेनल्टी मिळवली किंवा समोरच्याला बाहेर काढायला लावलं, तर तीन जणांची समिती चित्रण बघते आणि एकमत झालं तर दोन सामने बंदी. प्रीमियर लीगमध्ये त्यात पहिला सापडला एव्हर्टनचा उमर नियास, नोव्हेंबर 2017 मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. पेनल्टी मात्र कायम राहिली, सामना 2-2 सुटला तो सुटलाच.

इथं मला या नियमाची दुखरी बाजू दिसते, आणि ती या लीगमध्येही तशीच आहे. निकाल बदलत नाही. त्या सेमीफायनलमध्ये जे फायनलला जायला हवे होते ते घरी बसले. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॅप्टनला फोन करून माफी मागितली. तो नीट बोलला, पण माफीने त्यांना फायनल खेळायला मिळाली नाही. बाद फेरीत तरी, खोट्या रेड कार्डानंतर गोल झाला असेल तर उरलेली मिनिटं पुन्हा खेळवा, असं मी मालकाला लेखी सुचवलंय.

एकमताची अट मात्र कधीच काढू नका. आमच्यातला एक जण म्हणत होता की रेफ्रीने जागेवरच कार्ड दाखवावं, व्हिडिओ कशाला. जागेवरचं यलो कार्ड तर फुटबॉलच्या नियमांत आहेच, बाराव्या कलमात. दुखापतीचं ढोंग करणं किंवा फाऊल झाल्याचं नाटक करणं म्हणजे खिलाडूवृत्तीला सोडून वागणं, त्याला ताकीद. पण एकट्या माणसाला, धावता धावता, एका क्षणात ते ठरवायचं असतं. त्याच 2002 मध्ये कोरियाविरुद्ध इटलीच्या टॉट्टीला जादा वेळेत पेनल्टी बॉक्समध्ये पडल्याबद्दल दुसरं यलो मिळालं आणि तो बाहेर गेला. तो खरंच पडला की नाटक होतं, यावर लोक आजही भांडतात. उलट 1989 चं रिओच्या माराकाना स्टेडियमवरचं प्रकरण बघा. ब्राझील-चिली, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. प्रेक्षकांतून फेकलेली पेटती नळी चिलीचा गोली रोबेर्तो रोहास याच्याजवळ पडली आणि तो रक्तबंबाळ तोंडाने कोसळला. त्याची टीम मैदान सोडून गेली. नंतर फोटोंवरून कळलं की नळी त्याला लागलीच नव्हती. हातमोज्यात लपवलेल्या ब्लेडने त्याने स्वतःलाच कापलं होतं. त्याला आजीवन बंदी झाली, ती 2001 मध्ये उठली, आणि चिलीला 1994 च्या वर्ल्ड कपच्या पात्रतेतच घेतलं नाही. फोटो नसते तर सगळ्या जगाने ब्राझीललाच दोषी धरलं असतं. कॅमेरा पाहिजे, आणि तो शांतपणे बघणारी एकाहून जास्त डोकी पाहिजेत.

आता घड्याळाचा नियम. पडलेला खेळाडू 15 सेकंदांत उठला नाही आणि फिजिओ आत आली, तर तपासणीनंतर त्याने बाहेर जायचं आणि ठरलेला वेळ बाहेरच थांबायचं. हे अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमधून घेतलंय, तिथं 2024 च्या मोसमात दोन मिनिटं ठेवली. पहिल्या मोसमात इथंही दोनच मिनिटं होती, आणि ते चूक होतं. 90 मिनिटांतली दोन आणि 40 मिनिटांतली दोन यांत फार फरक आहे. अकरातला एक जाणं आणि सातातला एक जाणं यांतही. आमच्या हाफच्या (मधल्या फळीतल्या खेळाडूच्या) पोटरीला खरोखर गोळा आला होता, तो बाहेर असताना आम्ही दोन गोल खाल्ले. आम्ही तक्रार केली, इतर तीन टीमनीही केली, आणि दुसऱ्या मोसमात एक मिनिट झालं. ऐकून घेणारे आयोजक आहेत, हे मुद्दाम नोंदवतो. डोक्याला लागलं तर घड्याळ लावत नाहीत. ज्याच्या फाऊलमुळे पडला त्याला कार्ड मिळालं असेल तरी लावत नाहीत. दोन्ही योग्य.

एक तारा कापलाय तो गोलीसाठी. गोलीला बाहेर पाठवता येत नाही, म्हणून घड्याळ त्याला लागू नाही, आणि हे सगळ्या टीमना कळलंय. पुढे असलेल्या टीमचा गोली मांडी धरून बसतो, फिजिओ धावते, आणि बाकीचे सहा जण कोचभोवती गोळा होऊन पाणी पीत सूचना ऐकतात. एप्रिलमध्ये एका सामन्यात हे तीनदा झालं. मोठ्या फुटबॉलमध्येही हे दुखणं आहे. गोली पडला तर त्याच्याऐवजी त्याच्या टीमचा दुसरा एक खेळाडू मिनिटभर बाहेर पाठवा, एवढं पुढच्या मोसमात कराच.

मला हा सोंगाविरुद्धचा नियम एवढा जिव्हाळ्याचा का वाटतो ते सांगतो. 2004 साली आमच्या कोल्हापूरच्या टीममध्ये एक हाफ होता, माझा शाळेपासूनचा मित्र. त्या मोसमात सगळ्याच टीम लोळत होत्या. गोल मारला की पुढच्या दहा मिनिटांत चार जण आडवे. आम्हीही त्यात होतो. एका सामन्यात आम्ही 1-0 ने पुढे असताना हेडरसाठी उडी मारून तो खाली आला आणि त्याचा गुडघा आतल्या बाजूला वळला. तो ओरडला. रेफ्री लांबूनच हाताने ऊठ ऊठ करत राहिला. गॅलरीतून शिट्ट्या, "नाटकं बंद कर". समोरच्या टीमच्या दोघांनी त्याला काखेत धरून साइडलाइनकडे ओढलं. त्यात त्यांचा काय दोष, त्या दिवशी त्याच्याआधी आमचे तीन जण खोटे पडले होते, त्यातला एक मी. लिगामेंट तुटलं होतं. तो परत कधी खेळला नाही. मागे एकदा रंकाळ्यावर बसलो असताना म्हणाला, "पाय गेल्याचं एवढं न्हाई वाटलं रं, पर ऊठ ऊठ म्हणत हुते ते अजून कानात हाय."

म्हणून या लीगमध्ये कुणी पडलं की लगेच शिट्टी वाजते आणि ती मुलगी पेटी घेऊन आत पळते, ते बघून मला बरं वाटतं. कुणी "ऊठ" म्हणून ओरडत नाही. दोन मोसमांत खोटं पडणं इतकं कमी झालंय की पडलेल्यावर विश्वास ठेवायला जागा राहिली आहे.

जूनअखेर पुढच्या मोसमाची नोंदणी आहे, आम्ही नाव दिलंय. आमचा फॉरवर्ड बंदीचा उरलेला सामना बाकावर बसून काढणार आहे, टीम सोडलेली नाही. मालकाला तीनच्या समितीसाठी आणखी जुने खेळाडू हवे होते, चित्रण मोबाइलवर पाठवतात, गावाला असलेला माणूसही चालतो. मी माझ्या मित्राचं नाव सुचवलं. त्याला फोन केला, सगळी पद्धत समजावून सांगितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "व्हिडिओत आवाज बी येतो काय?"

येतो, म्हटलं.