मोरिनी शॉर्ट की स्टायर कॉम्पॅक्ट? एका घरात दोन पिस्तुलं, चौदा महिने

आमच्या घरात दहा मीटरची दोन एअर पिस्तुलं आहेत. मोरिनी सीएम १६२ ईआय शॉर्ट नवं घेतलं ते मुलीसाठी. स्टायर एलपी १० कॉम्पॅक्ट माझं, रेंजवरच्या एका मुलीकडून जुनं घेतलेलं. ती २५ मीटरकडे वळली होती. पहिले आठ महिने जिचं तिच्याकडे, दिवाळीनंतरचे सहा महिने अदलाबदल. छर्रे एकाच डब्यातले, लेनही बहुतेक शेजारची. नवं पिस्तूल दीड लाखाच्या पुढे जातं, आणि कोल्हापुरात राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या नेमबाजांची नावं ऐकत वाढलेल्या मुलांचे आईबाप सारखे विचारत असतात, "ताई, कुठलं घेऊ?" त्यांच्यासाठी हे लांबण.

अचूकपणावर वेळ घालवत नाही. टेबलावर टेकवून मारले तर दोन्हींचे पाच छर्रे एकाच भोकात जातात. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, छर्रा साडेचारचा. नऊ लागला तर दोष माझा.

शॉर्ट आणि कॉम्पॅक्ट, म्हणजे आखूड नळीचं, घेतलं ते पुढचा भार कमी व्हावा म्हणून. मॅचचे साठ शॉट ७५ मिनिटांत, त्याआधी पंधरा मिनिटं सरावाची. उचलून न मारता परत खाली ठेवलेले धरले तर हात शंभरावर वेळा वर जातो. शेवटच्या दोन सिरीजमध्ये (दहा शॉटची एक) हा फरक खांद्याला कळतो. पण नळीबरोबर नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन्ही साइटमधलं अंतरही घटतं, आणि तेवढीच साइट हलली तरी छर्रा जास्त लांब जातो. वजन हातात तोलून खूश होणारे पालक हा हिशेब करत नाहीत. आम्हीही केला नव्हता.

ग्रिपमध्ये, म्हणजे लाकडी मुठीत, मोरिनी सरळ पुढे. मुलीने खोक्यातून काढलं, हात घातला आणि म्हणाली, "बसलं." माझ्या स्टायरची ग्रिप आधीच्या मालकिणीच्या पंज्याला घासून बसवलेली, माझा अंगठा त्यात पाहुण्यासारखा. कानस, पॉलिश पेपर आणि लाकडाची पुट्टी घेऊन तीन रविवार गेले. पुट्टी लावायची, सुकवायची, रेंजवर जायचं, टोचलं तिथे घासायचं. घरात इतका भुसा पडला की नवऱ्याने फर्निचर करतेस का विचारलं. बरेच जण रिंकची जर्मन ग्रिप मागवतात. मी पैसे वाचवले, रविवार गेले.

आता ट्रिगर. मोरिनीचा इलेक्ट्रॉनिक, माझ्या स्टायरचा यांत्रिक. इलेक्ट्रॉनिक म्हटलं की लोक टोकियो ऑलिंपिक काढतात. २०२१ मध्ये तिथे पात्रता फेरीच्या मध्यात मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या नंबरावर राहिली. (पॅरिसला ५८० करून फायनल आणि ब्राँझ, तो हिशेब तिने चुकता केला.) आमची फजिती त्यामानाने किरकोळ आणि पूर्ण आमचीच: बॅटरी कधी बदलली ते लिहून ठेवलं नव्हतं. बालेवाडीला सरावाच्या वेळात ती संपली. पर्समध्ये दुसरी होती म्हणून निभावलं. आता तारीख लिहिलेली पट्टी खोक्याच्या आत चिकटवलेली असते.

यांत्रिकवाल्यांनीही फार हसू नये. नियमाप्रमाणे ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन तोलून धरावं लागतं. मी हौसेने स्क्रू फिरवून अगदी काठावर आणून ठेवला होता. तपासणीच्या टेबलावर ट्रिगरने वजन उचललं आणि टक्, ट्रिगर सुटला. दुसऱ्या वेळीही टक्. रांगेत मागे उभ्या असलेल्या पोरी माझ्या मुलीच्या वयाच्या. तेव्हापासून थोडा जडच ठेवते.

खरा फरक मात्र रेंजवर दिसलाच नाही. तो दिसला रात्री नऊला, आमच्या बोळवजा पॅसेजमध्ये. छर्रा न घालता पांढऱ्या भिंतीकडे बघून ट्रिगर दाबायचा, म्हणजे ड्राय फायर. आमचा निम्म्याहून जास्त सराव हाच. मोरिनी दर वेळी कॉक करावं, म्हणजे खटका ओढून तयार करावं, लागत नाही. दाबलं की क्लिक, पुन्हा दाबलं की पुन्हा क्लिक. स्टायर प्रत्येक क्लिकला नव्याने कॉक करायचं. दुकानदारापासून रेंजवरच्या काकांपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच: मुलीला इलेक्ट्रॉनिक द्या, सराव भरपूर होईल.

झाला खरा. पण ती हात खाली न आणता एका दमात तीन-चार क्लिक मारायची, आणि तीच खोड मॅचमध्ये उतरली. होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणं, लांबला की हात खाली घ्यायचा सोडून दाबून मोकळी. अदलाबदलीनंतर स्टायरने तिला दर शॉटला हात खाली घ्यायला लावलं. खाली, कॉक, श्वास, वर. दीड महिन्यात रेंजवरही ती नको तो शॉट सोडून द्यायला लागली. तिच्या प्रशिक्षक सरांनी वर्षभर सांगितलं होतं तेच.

माझं उलट. शेहेचाळिसाव्या वर्षी कोपर कुरकुरतं. स्टायर चाळीस वेळा कॉक केलं की रात्री पोळी लाटताना कळ यायची. मोरिनीने ती थांबली. शिवाय स्टायरमध्ये धक्का शोषायला सरकतं वजन आहे, त्यामुळे शॉट सुटल्यावर साइट जवळजवळ जागची हलत नाही. ऐकायला छान, पण घाईत मनगट वाकलं तरी मला पत्ता लागत नसे. मोरिनीची फ्रंट साइट किंचित उडते आणि ती कुठे परत येते यावरून मॉनिटर न बघता चूक कळते. मुलीला ही सोय आता नाही, म्हणून सर तिला मॉनिटर झाकून आधी सांगायला लावतात, "किती गेला? कुठे?"

जुनं घेणाऱ्यांनी दाबाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटलेला स्पर्धेत चालत नाही. मी पिस्तुलाची घासाघीस केली आणि तारीख बघायची विसरले. दोन सिलिंडरपैकी एकाचे आठच महिने उरले होते. दोन्हींत हवा २०० बारपर्यंतच, पण याचा सिलिंडर त्याला बसत नाही, भरायचा अडॅप्टरही वेगळा. एका घरात दोन कंपन्या म्हणजे दोन संसार. परवान्याचं विचाराल तर ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला तो लागत नाही. तरी कोयना एक्स्प्रेसमध्ये खोकं मी मांडीवरच ठेवते.

मुलीच्या हाताला स्टायरची ग्रिप अजून मोठी पडते. पुट्टीचा डबा पुन्हा काढलाय. या वेळी घासतेय ती, आणि भुसा झाडायला मी.