फुकटातलं फ्युजन: थ्रीडी प्रिंटरवाल्यांनी बिनधास्त घ्या, सीएनसी राऊटरवाल्यांनी आधी हे वाचा

दिवसभर कंपनीत पैसे भरलेल्या सॉफ्टवेअरवर डिझाईन करायचं आणि रात्री घरी येऊन हौसेपायी परत तेच, पण फुकटच्या लायसन्सवर, असं माझं तीनेक वर्षं चाललंय. त्यामुळे ऑटोडेस्कच्या फ्युजनचं, म्हणजे वस्तूंची थ्रीडी डिझाईन करायच्या सॉफ्टवेअरचं, फुकट मिळणारं पर्सनल लायसन्स घेऊ का रे, असं दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

फुकटात देताना मॉडेलिंगला ऑटोडेस्कने फारशी कात्री लावलेली नाही. स्केच, एक्स्ट्रूड, फिलेट, जॉइंट सगळं आहे, टाइमलाइनमध्ये, म्हणजे केलेल्या पायऱ्यांच्या यादीत, मागे जाऊन एक माप बदललं की पुढचं सगळं आपोआप सरकतं. आईच्या मिक्सरचा नॉब तुटला तेव्हा व्हर्नियरने दांडा मोजला, ६ मिमीचा, एका बाजूने चपटा, पाऊण तासात मॉडेल काढून त्याची एसटीएल, म्हणजे प्रिंटरला लागते ती फाईल, प्रिंटरला दिली. पहिला नॉब बसेचना, भोक ०.२ ने वाढवलं, दुसरा असा बसला की आई म्हणाली कंपनीचा होता त्यापेक्षा बरा आहे. एवढ्याच कामासाठी हवं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, डाउनलोड करा.

दहा फायलींच्या नियमाचा लोक उगाच बाऊ करतात. एका वेळी १० फायलीच एडिट करता येतात, बाकीच्या नुसत्या बघायच्या, पण ठेवायच्या कितीही आणि एक बंद करून दुसरी चालू करायला काही लागत नाही. दिवाणखाना लहान आहे, माळा मोठा आहे, असं समजा. फक्त असेंब्ली, म्हणजे अनेक पार्ट जोडून एक वस्तू, करताना प्रत्येक पार्टची वेगळी फाईल केलीत की दहाचा आकडा लगेच भरतो, तेव्हा सगळे कंपोनंट एकाच फाईलमध्ये ठेवायचे. ड्रॉइंगला एकच शीट मिळतं, तेही हौसेला पुष्कळ झालं.

एक्सपोर्टवर मात्र लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०२० पासून फुकटवाल्यांचं बरंच काही काढून घेतलं, त्यात स्टेप फाईलही, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती, जाणार होती, पण लोकांनी एवढी बोंब मारली की काही दिवसांतच ती परत ठेवली. डीडब्ल्यूजी आणि आयजेस हे फाईलचे दुसरे प्रकार मात्र गेलेच. म्हणून मी कुठलंही डिझाईन पूर्ण झालं की त्याची स्टेप काढून पेनड्राइव्हवर टाकतो. एकदा काढायला निघाले होते ना, मग परत निघणार नाहीत कशावरून?

आता राऊटरवाले, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं सीएनसी मशीन ज्यांच्याकडे आहे ते. खरी मेख इथे मारलीय.

सीएनसीला टूल जेव्हा हवेतून एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं तेव्हा ते सुसाट जायला पाहिजे, त्याला रॅपिड म्हणतात, मशीनला द्यायच्या कोडमध्ये जी-झिरो. पर्सनलमध्ये हे रॅपिड मिळतच नाही, सगळा प्रवास जी-वनने, म्हणजे लाकूड कापायच्या वेगानेच हवाही कापायची. माझ्या गणपतीच्या मखराच्या एका जाळीत १४० भोकं आहेत. प्रत्येक भोकानंतर वर उचलणं, सरकणं, परत खाली येणं, धरा ७० मिमी, म्हणजे जवळजवळ १० मीटर नुसती हवा. माझा फीड, म्हणजे कापायचा वेग, मिनिटाला ८०० मिमी आहे, त्या हिशोबाने १२ मिनिटं, आणि मशीन ३००० ने पळू शकतं त्या हिशोबाने सव्वातीन. एका जाळीमागे नऊ मिनिटं गेली आणि जाळ्या आहेत सहा. वर मशीनसाठी काढलेल्या एका कोड फाईलमध्ये एकच टूल, त्यामुळे भोकांची फाईल वेगळी, कडेची वेगळी, आणि मध्ये तुम्ही पाना घेऊन उभे.

यावर उपाय म्हणून मी कोड नोटपॅडमध्ये उघडून हाताने जी-वनचं जी-झिरो करत बसलो होतो, शहाणपणा नडला, लाकडात उतरतानाची एक ओळ पण बदलली गेली आणि ३ मिमीचा एन्डमिल, म्हणजे कापायचं पातं, टक्कन गेला. चूक माझीच. तुम्ही करू नका.

पैशांचं कलमही नीट वाचा. हौसेच्या कामातून वर्षाला १००० डॉलरच्या आत कमाई असेल आणि वापर घरगुती असेल तरच हे लायसन्स आपलं. एक मखर स्वतःला केलं तर प्रश्न नाही, पण मग खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, मग त्यांची बहीण, मग सोसायटी, आणि श्रावणात तुम्ही न ठरवताच धंद्यात असता. मला विचाराल तर कंपनीने ही मर्यादा बरोबर हेरून ठेवलीय, प्रिंटरवर खेळणाऱ्याला काही टोचत नाही, चार पैसे मिळवायच्या बेतात आलेल्यालाच टोचतं. चिडण्यासारखं आहे, पण अन्याय म्हणवत नाही, फुकट दिलंय शेवटी.

बाकी पर्यायांत ऑनशेप ब्राउझरमध्ये मस्त चालतं, पण फुकटात तुमची सगळी डिझाईन जगाला उघडी, आणि धंद्याला वापरायचं नाही. फ्रीकॅडला कसलीच अट नाही, रॅपिडही देतं, २०२४ मध्ये १.० आवृत्ती आल्यापासून मागचं माप बदललं की मॉडेल कोसळायचं ते बरंच कमी झालंय, फक्त हात बसायला वेळ लागतो, फ्युजनची सवय असेल तर पहिला आठवडा शिव्याच निघतात.

यंदाची जाळी मी फ्रीकॅडमध्येच काढायला घेतलीय. चतुर्थीपर्यंत झाली तर झाली, थर्माकोलला बंदीच आहे, नाहीतर ताई म्हणते तसं कागदी फुलांवर भागवू.